हरभऱ्यावरची छत्री

पाऊस आला की आमच्या शेजारचे सुर्वे छत्री उघडून बाल्कनीत उभे राहतात. छत्री कुंडीवर धरतात आणि स्वतः भिजतात.

ईरा, नील, तुम्ही सुट्टीत आला होतात तेव्हा लिफ्टचं बटण दाबून "स्टँडबाय!" असं ओरडणारे उंच आजोबा आठवतात का? तेच हे. सगळा जन्म जहाजाच्या इंजिन रूममध्ये गेला. चीफ इंजिनियर होते; तिथे 'स्टँडबाय' म्हणजे तयार राहा. निवृत्त झाले, पण ते त्यांना कुणी कळवलेलं दिसत नाही. माझ्या कुकरची शिट्टी झाली तरी भिंतीपलीकडून "सगळं ठीक?" असा आवाज येतो.

घरात ते आणि त्यांच्या पत्नी कुंदाताई. मोठ्या आजारपणात कुंदाताईंच्या तोंडाची चव गेली ती परत आली नाही. "श्रीखंड काय, खडू काय, मला सारखंच," असं हसून म्हणतात आणि चार घास खाऊन ताट सारतात. दर वेळी मनगटातली बांगडी थोडी आणखी वर सरकलेली दिसते.

अशात सुर्व्यांनी हिवाळी भाज्या लावल्या. सिंगापुरात! तुमच्याकडे दारातला हिवाळा फावड्याने उपसावा लागतो. इथे डिसेंबरात नुसता पाऊस. मुळ्याला पाला आला, मुळा आलाच नाही. मटार कुजला. उरला एका कुंडीतला हरभरा.

"भोगीपर्यंत टिकला पाहिजे, वहिनी."

भोगी म्हणजे संक्रांतीचा आदला दिवस. त्या दिवशी मी ओला हरभरा, गाजर, वांगी, पावटा घालून भाजी करते.

"अहो, लिटल इंडियात सोललेला मिळतो की!"

"तो नाही चालायचा." मग ढगाकडे बघत, "इंजिन रूममध्ये घाबरायचं नसतं." हे त्यांचं पालुपद. म्हणताना छत्री कुंडीवर आणखी खाली ओढतात.

हरभऱ्याला गारवा हवा म्हणून ते कुंडीभोवती ताटल्यांतून बर्फ मांडू लागले. बर्फाचं पाणी झालं, आणि नेमकी लिफ्टमध्ये डासांच्या तपासणीची नोटीस लागली. साचलेल्या पाण्यात अळी सापडली की दंड! सुर्वे ताटल्या घेऊन माझ्या दारात.

"वहिनी, इमर्जन्सी! यांना लपवा."

पाणी ओतून दिल्यावर रिकाम्या ताटल्या लपवायच्या कशाला, हे त्यांना सुचलं नाही. मलाही नाही. मी त्या धुऊन, पुसून, डाळींच्या डब्यांमागे ठेवल्या आणि त्यांच्या बाल्कनीत जाऊन उभी राहिले.

तपासणीला आलेली मुलगी कुंडीत वाकून बघू लागली. "अंकल, धिस वन व्हॉट प्लांट आह?"

"चिकपी. विंटर क्रॉप." सुर्वे ताठ.

"बट हिअर नो विंटर, लाह!"

"आय नो," ते म्हणाले. अगदी हळू.

त्यानंतर पावसाची झड लागली. सुर्व्यांनी कुंडी बेडरूमच्या खिडकीशी, एसीखाली नेली. मी रोज काही ना काही निमित्त काढून जाऊन बघत असे. खालची पानं पिवळी, शेंडा तेवढा हिरवा. रात्री सुर्व्यांचं कसं होईल या काळजीने मला माझी गोळी घेतल्याचंही आठवेना.

भोगीला मी भाजी आणि तीळ लावलेली भाकरी घेऊन गेले. झाडावर एकही घाटा, म्हणजे हरभऱ्याची शेंग, नव्हता. सांत्वनाची वाक्यं मी घरूनच जुळवून आणली होती.

"पुढच्या वर्षी धरतील घाटे," मी म्हटलं.

"घाटे कुणाला हवेत?" सुर्वे म्हणाले. त्यांनी कुंदाताईंचा हात धरला आणि त्यांचं बोट अलगद शेंड्याच्या पानांवरून फिरवलं. "कुंदा, स्टँडबाय."

बाळांनो, हरभऱ्याच्या पानांवर आंब धरते, आंबट, चिकट. कुंदाताईंचं माहेर हरभऱ्याच्या रानातलं. लहानपणी त्या अशीच बोटं चाटत शाळेत जायच्या. ही आंब दुकानात मिळत नाही. आणि एका पावसात धुऊन जाते.

कुंदाताईंनी बोट जिभेला लावलं.

त्यांचा एक डोळा बारीक झाला. गाल आत ओढला गेला.

"मेलं, केवढं आंबट!" त्या म्हणाल्या, आणि बोट पुन्हा पानांकडे नेलं, या वेळी आपणहून.

सुर्वे खिडकीशी जाऊन, आमच्याकडे पाठ करून, पाऊस येतोय का ते बघत राहिले.

बाहेर लख्ख ऊन होतं.