फळ्यावरचा मप्रहासाद

सावली तालुक्यातल्या आमच्या गावात हनुमान मंदिराचा फळा लिहायचा मान माझा. माझं अक्षर धानाच्या रोवणीसारखं, सरळ ओळीत आणि सारख्या अंतरावर. शिवाय आमची मंडळी कीर्तनात वाढलेली. बुवांनी अभंगातला एक शब्द गिळला तरी मागून तिघं जण दुरुस्त करतात. अशा गावाच्या नजरेतून काही सुटत नाही, असं मी छातीठोक सांगायचो.

म्हणूनच पुतणी उर्वशीनं माझ्यापुढे मोबाईल धरला तेव्हा मला राग आला.

"मोठेबाबा, हे वाचा."

मी खडखडीत वाचलं.

"आता एकेक अक्षर वाचा."

बघतो तर एक शब्द धड नाही. अक्षरं पोत्यात भरून हलवल्यासारखी.

"मेंदू पहिलं अन् शेवटचं अक्षर धरते, मधलं मनानंच लावून घेते," ती म्हणाली. "ओळखीचं असलं की अक्षरं कोणी पाहातच नाई."

म्हणजे माझंच डोकं मला न विचारता दुरुस्त्या करतं? तुम्हीच सांगा, हा काय न्याय झाला?

"तुमच्या मोबाईलवाल्यांचं तसं असेल," मी म्हणालो. "आमच्या गावात लगेच पकडतील."

"मग लिहून पाहा ना."

सप्ताहाची सांगता दोन दिवसांवर आली होती. काल्याचं कीर्तन दरवर्षी सकाळी असतं. यंदा बुवांचं सकाळी मूल गावी कीर्तन होतं, म्हणून आमचं संध्याकाळी ठरलं. मी खडू घेतला आणि लिहिलं: "काल्याचे कीर्तन. हमानुन मंरादित. संध्याकाळी सहा वाजता. नंतर मप्रहासाद. चूबंलद आतवन. हभरिक्तांनी उस्थिपत राहावे." वेळेशी खेळ नको, म्हणून तेवढी धड लिहिली. मोठ्या अक्षरात लिहिली.

चूलबंद आवतन म्हणजे त्या दिवशी गावात कोणाच्याही घरी चूल पेटत नाही, सगळं गाव मंदिरात जेवतं.

पहिला आला पोचूभाऊ, आमचा मृदंगवाला. फळा वाचून त्यानं हात जोडले आणि निघाला.

"पोचूभाऊ, नीट वाचलं का?"

"वाचलो ना जी. लय सुंदर लिवलं."

दिवसभर गाव येत होतं, वाचत होतं, हात जोडत होतं. कोणाला काही खटकलं नाही. मी मारुतीकडे पाहिलं. त्यालाही काही खटकलेलं दिसलं नाही. घरी उर्वशी नुसती हसली. ते जास्त लागलं.

काल्याच्या दिवशी सकाळी मी मंडपात सतरंज्या झटकत होतो. तेवढ्यात बायामाणसं, लेकरंबाळं, म्हातारेकोतारे असं अख्खं गाव ताटवाट्या घेऊन दारात.

"बुवा कुठी हायेत?" पोचूभाऊनं विचारलं.

"बुवा संध्याकाळी. तुम्ही आता काऊन आले?"

"आता म्हणजे? फळ्यावर सकाळी लिवलं तुम्ही."

माझं डोकं फिरलं. मी त्याला हाताला धरून फळ्यापुढे उभं केलं. "वाच."

"काल्याचे कीर्तन, हनुमान मंदिरात, सकाळी..."

"बोट ठेवून वाच!"

त्यानं बोट ठेवलं. मग ते बोट आधीच्या ओळीवर गेलं, मग खालच्या. मग त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं अंगात आलेल्या माणसाकडे पाहतात.

"नानाजीभाऊ, हे मंरादित काय हाये? अन् हा मप्रहासाद?"

गर्दी पुढे सरकली. दोन दिवस कोणाला न दिसलेली चूक आता शेंबड्या पोरालाही दिसू लागली. मी उर्वशीचं शास्त्र समजावू लागलो. "ते मुद्दाम लिहिलं. वेळ मात्र बरोबर आहे."

"आमाले कसं समजावं?" पोचूभाऊ म्हणाला. "समदे शब्द चुकलेले. आमी समदे मनानं दुरुस्त केले. तुमची अब्रू जाऊ नये म्हणून वेळही दुरुस्त केली."

अन्याय माझ्यावर झाला होता आणि उपकार त्यांचे निघाले.

"नाना, लेकरं उपाशी हायेत," आशाबाई म्हणाल्या. मंदिराचा स्वयंपाक त्यांच्याकडे. "घरी चूल पेटवता येत नाई. मी आधण ठेवते."

दुपारपर्यंत गाव जेवलं, ढेकर देऊन घरी गेलं. मला मात्र घोर लागला. जेवलेलं गाव संध्याकाळी उठून येतं होय? बुवा रिकाम्या सतरंज्यांपुढे उभे राहणार, सात दिवसांच्या नामस्मरणाचा शेवट असा होणार, आणि तो माझ्या खडूमुळे. मी मारुतीपुढे नाक घासलं.

सहाला बुवा आले. आणि त्यांच्यामागून अख्खं गाव आलं. मंडप भरून लोक बाहेर उभे राहिले. पोचूभाऊची थाप पडली आणि माझे डोळे भरून आले. काय कीर्तन झालं म्हणून सांगू! दहीहंडी फुटली, आरती झाली, आणि मी आनंदानं मागे वळलो.

प्रत्येकाच्या हातात ताट होतं.

"आता कशाला?" मी ओरडलो. "दुपारी जेवले ना तुम्ही?"

"काल्यानंतर प्रसाद असतेच जी," पोचूभाऊ पंगतीत मांडी घालत म्हणाला. "अन् आवतन चूलबंद हाये. घरी कुठी सैपाक केला?"

मी आशाबाईंकडे धावलो. त्या भाताच्या पालथ्या गंजाशेजारी कपाळाला हात लावून बसल्या होत्या.

"नाना, फळ्यावर लिवा ना, भात सरला म्हणून."

मी खडू हातात घेतला आणि पुन्हा खाली ठेवला.

"काही उपयोग नाही, बाई," मी म्हणालो. "भात वाढला असंच वाचतील. आधण ठेवा."