रशीदभाईंची यंदाची टीम

आमच्या शाळेचा गणवेश अर्ध्या बाह्यांचा आहे. तो मुलांच्या मनगटापर्यंत येतो.

हे काम रशीदभाई टेलरांचं. पाथर्डीतले निम्मे गणवेश तेच शिवतात, आणि प्रत्येक पोर उंच होणार हे गृहीत धरूनच शिवतात. एखादी आई तक्रार घेऊन आली, की टेप गळ्यात अडकवत शांतपणे सांगतात, "हाडात हाय, ताई. फकस्त उतरायचं राह्यलंय." ताई खूश होऊन घरी जातात. पुढे पोर दहावी होऊन शाळेतून जातं, बाही मात्र मनगटावरच असते.

उतरायचं म्हणजे काय, हे सांगायला हवं. रशीदभाईंच्या मते माणसाच्या हाडात एकच गोष्ट असते किंवा नसते, ती म्हणजे बास्केटबॉल. तरुणपणी ते कॉलेजच्या संघाचे शर्ट पोचवायला मैदानावर गेले आणि मॅच संपेपर्यंत परतलेच नाहीत. त्या दिवशी एका नवरदेवाची पँट शिवायची राहिली, असं जुने लोक सांगतात. स्वतः रशीदभाई मशीनमागे बसले की बाहेरून फक्त टोपी दिसते, त्यामुळे खेळण्याचा प्रश्न नव्हता. मग त्यांनी खेळणारे शोधायला घेतले. आमच्या शाळेमागे एक मैदान आहे आणि त्याला एकच रिंग आहे. तिथे संध्याकाळी ते पोरांना घेऊन उभे असतात. मी या शाळेत भूगोल शिकवतो आणि त्यांच्या दुकानाशेजारीच राहतो, त्यामुळे मला यातलं काही चुकवता येत नाही.

त्यांच्याशी हात मिळवणं जरा जोखमीचं आहे. बँकेत नवे मॅनेजर आले, त्यांचा हात रशीदभाईंनी धरला तो सोडेचनात. उलटा केला, मनगट चाचपलं, बोटं फाकवून पाहिली आणि गंभीरपणे विचारलं, "वय काय, साहेब?" साहेब म्हणाले, सत्तेचाळीस. "मग ऱ्हाऊ द्या," असं म्हणून त्यांनी हात सोडला. माझा हात तर पहिल्याच भेटीत, काही न विचारता परत मिळाला होता.

आमच्या गल्लीत एका बारशाला त्यांना बोलावलं होतं. सगळे बाळाचं नाक कुणावर गेलंय यावर बोलत होते. रशीदभाईंनी दुपट्यातून त्याचं पाऊल बाहेर काढलं, स्वतःच्या बोटांनी मापलं आणि जाहीर केलं, "सेंटर हाय ह्यो." सेंटर म्हणजे रिंगखाली खेळणारा, संघातला सगळ्यात उंच गडी, हे आजीला काही कळलं नाही. तिने आधी बाळाची दृष्ट काढली, मग रशीदभाईंना पेढा दिला.

दरवर्षी दिवाळी जवळ आली, म्हणजे खेळाडूंना पैसे देऊन घेणाऱ्या बास्केटबॉलच्या मोठ्या लीगचा हंगाम तोंडावर आला, की ते दुकानात "यंदाची टीम" जाहीर करतात. ऐकायला मी आणि कापड घेऊन बसलेलं गिऱ्हाईक. आजवरच्या टीममधला एक जण पोलिसात गेला, एकाने मोबाईलचं दुकान टाकलं, एक एसटीत कंडक्टर झाला. कंडक्टरचा त्यांना विशेष अभिमान आहे. "गर्दीत तिकीट कसं देतो बघा, मान न वळवता. पास म्हनतात त्याला." आपण हसायचं, तर त्यांचा चेहरा अगदी सरळ असतो. लीगपर्यंत कुणी पोचलं नाही, हे मी एकदा बोललो, तेव्हा त्यांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला होता.

मग अंकुश आला. त्याचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात आणि तो आजीपाशी राहून कॉलेज करायचा. हा मुलगा हात वर करायचा तेव्हा आमच्यासारख्या अडाण्यालाही कळायचं की हे काहीतरी वेगळं आहे. चेंडू त्याच्याकडे गेला की बाकीची पोरं खेळायची थांबून बघत राहायची. रशीदभाई त्याच्याविषयी "हाडात हाय" असं कधी म्हणाले नाहीत. त्याच्याविषयी ते गप्पच असत. पुण्याला लीगच्या एका संघाची निवड चाचणी होती, दिवाळीनंतर. मी मोबाईलवरून त्याचं नाव नोंदवलं. आता फक्त वडिलांचा होकार हवा होता, कारण निवड झाली तर पोरगा पुण्यातच राहणार होता.

वडील भीमराव. मोजकं बोलणारा माणूस. रशीदभाईंनी त्यांना दुकानात बोलावलं आणि अंकुशचा हात कापड कापायच्या टेबलावर आडवा ठेवून दाखवायला सुरुवात केली. "मनगट बघा. खांदा बघा. सांजच्याला दोन-दोन तास हात वर करून पळतो, दम म्हनून लागत न्हाई. असला हात तालुक्यात न्हाई, भीमराव." इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. बाकावर पँट अल्टर करून घ्यायला एक मुकादम बसला होता. उसाच्या टोळीसाठी माणसं जमवणारा. तोही उठून आला, त्यानेही मनगट दाबून पाहिलं आणि मान डोलावली. त्या संध्याकाळी रशीदभाईंनी मला चहा पाजला. म्हणाले, "सर, आज एक सोडून दोन मानसांना पटलं."

आठवडाभराने भीमराव सुटाचं कापड घेऊन दुकानात आले. अंकुशचं लग्न ठरलं होतं.

ऊसतोडीत एकटा माणूस धरत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. म्हणून टोळ्या निघायच्या आधी आमच्याकडे घाईघाईने लग्नं उरकतात. भीमरावांनी ते अगदी साधेपणाने सांगितलं. "मुकादम म्हनला, असला हात मोकळा कशाला ठिवायचा, जोडी करून टाका. तुमीच दाखवलं की, रशीदभाई. आमी रोज बघत हुतो, पन ध्यानातच आलं नव्हतं." त्यांच्या आवाजात खरोखर कृतज्ञता होती. मुलगा-मुलगी दोघंही कायद्याने वयात आलेली, दोन्ही घरं राजी. आम्हाला बोलायला जागा नव्हती. रशीदभाईंनी कापड हातात घेतलं, पोत पाहिला आणि "चांगलं हाय" एवढंच म्हणाले.

सूट त्यांनीच शिवला. अंकुश माप बघायला आला तेव्हा मी तिथे होतो. कोट अंगावर चढवून त्याने सवयीने हात वर करून पाहिला.

"चाचा, ह्यात हात वर जात न्हाई."

"लग्नात हात कशाला वर करायचा?"

"आसंच."

रशीदभाईंनी कोट उतरवून घेतला. काखेतली शिवण उसवली, तिथे तेवढाच एक तुकडा जोडला आणि पुन्हा शिवला. आता हात वर जात होता. ते बघून मला इतकं वाईट वाटलं की मी घरी निघून आलो.

लग्नानंतर चार दिवसांनी टोळी गेली. आमच्या भागातली निम्मी गावं त्या सुमाराला रिकामी होतात, त्यात अंकुशही गेला. मला वाटलं, विषय संपला. पण चाचणीच्या दिवशी पहाटे रशीदभाई धुतलेला सदरा घालून माझ्या दारात उभे. "चला. पुन्याला जायचंय."

"कशाला?"

"नाव दिलंय न्हवं."

मी का गेलो ते मला सांगता येत नाही. हॉल मोठा होता, दोन्ही बाजूंना रिंगा होत्या, आणि कोऱ्या बुटांचा आवाज करत उंच उंच पोरं पळत होती. रशीदभाईंनी एकाही पोराच्या मनगटाकडे पाहिलं नाही. माईकवर एकेक नाव येत होतं. अंकुशचं आलं तसे ते उभे राहिले आणि टेबलापाशी जाऊन म्हणाले, "येतोय, साहेब. पाथर्डीची गाडी लेट हाय." टेबलावरच्या माणसाने नाव शेवटी ठेवलं. पुन्हा पुकारलं, पुन्हा हे गेले. तिसऱ्यांदा तिथला माणूस वैतागून म्हणाला, "काका, तुमचा मुलगा येणार आहे की नाही?" रशीदभाईंनी "माझा न्हाई" असं काही सांगितलं नाही. नुसते परत येऊन बसले.

स्टँडवर गाडीची वाट बघताना मला राहवलं नाही. "माहीत होतं ना येणार नाही म्हणून?"

"नाव तरी ऐकू यावं म्हनून आलो, सर."

मग त्यांनी फोन लावला. फोन स्पीकरवर टाकूनच बोलायची त्यांची रीत आहे.

"अंकुश, आज तुझं नाव पुकारलं. पुन्यात. माईकवर."

"बापाचं नाव बी घेतलं?"

"घेतलं. आडनावासकट. समद्या हॉलनं ऐकलं."

पलीकडे पायांखाली उसाचं पाचट वाजलं. मग अंकुश म्हणाला, "चाचा, गाडी आलीय भरायला. ठिवतो."

"हाताला जप, बाळा," रशीदभाई म्हणाले. "धार लई असती कोयत्याला. घाई करू नको. हाताला जप."

फोन केव्हाच बंद झाला होता. मी त्यांना ते सांगितलं नाही.