हेडबाईंचा बेडका

आपल्याला खोकला नाही, घसा जरा खवखवतो, असं हेडबाईंचं ठाम म्हणणं होतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी सगळी इमारत त्यांना हेडबाईच म्हणे. तोंडावर रुमाल न धरता कुणी शिंकलं, तर त्याला जिन्यातच उभं करून त्या झापत. पण गेले काही आठवडे त्यांच्या खोलीतून येणारा आवाज नुसत्या घशाचा नव्हता. ब्लाउज सैल झाले होते, संध्याकाळी अंग तापे, आणि घरात सुनेला सातवा महिना लागला होता.

"आई, आज तपासणी करायचीच," सून म्हणाली.

"मागे केली की! सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसलं नाही. स्वच्छ रिपोर्ट आहे माझा."

"आता नवीन मशीन आलंय. जंतू थोडे असले तरी शोधतं. आणि दोन तासांत सांगतं."

"असतील तर शोधेल ना!" असं म्हणून बाईंनी सुनेच्या पोटाकडे पाहिलं आणि मुकाट्यानं चपला घातल्या.

आरोग्य केंद्रातल्या लॅबवाल्या ताईनं झाकणाची डबी पुढे केली. "आजी, बाहेर मोकळ्यावर जाऊन यात बेडका काढून आणा."

"आजी नाही, बाई म्हण. आणि तो शब्द जरा हळू!"

आवारात माणसं होती. लोकांदेखत थुंकणं बाईंना जन्मात जमलं नव्हतं. त्या झाडामागे गेल्या, तोंडावर पदर घेतला आणि तिकीट चिकटवायला लागते तेवढी लाळ डबीत सोडून आल्या.

ताईनं डबी उजेडात धरली. "बाई, ही लाळ झाली. छातीतून आलेलं हवं. उद्या परत आणा."

घरी आल्यावर खोकला असा दडून बसला की जणू त्यालाच लाज वाटली. शेवटी मुलानं, सून कामावर गेल्याचं बघून, दारं-खिडक्या लावल्या आणि तव्यावर मूठभर सुक्या मिरच्या टाकल्या. धूर फटीतून जिन्यात गेला. वरच्या मजल्यावरचे वकील खोकायला लागले, खालचा शिंपी खोकायला लागला. त्याला वाटलं आग लागली. तो धावत वर आला आणि दार उघडताच त्यानं पाण्याची बादली थेट मुलाच्या अंगावर ओतली. मुलगा ओलाचिंब होऊन फरशीवर खोकत बसला.

बाई खुर्चीत ताठ. "मिरच्या करपल्या," त्या म्हणाल्या.

"आई, खोक ना गं!"

"बटण दाबल्यावर वाजायला मी काय रेडिओ आहे?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी पुन्हा लाळच नेली. ताईला खिडकीवर दहा कामं होती. ती वर न बघताच बोलून गेली, "बाई, पुन्हा नापास."

बाईंचा चेहरा असा झाला की मुलगा दोन पावलं मागे सरला. आजवर हा शब्द त्यांनी लोकांना ऐकवला होता. त्यांना कुणी ऐकवला नव्हता. पर्स काखेत मारून त्या खिडकीशी ठाण मांडून उभ्या राहिल्या.

"कसा काढतात ते नीट समजावून सांग. पहिल्यापासून."

ताई हसली आणि तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. आधी पाण्यानं चूळ भरायची. खोल श्वास घ्यायचा, जरा धरायचा, सोडायचा. असं दोन-तीनदा. मग पोटातून जोर लावून खोकायचं.

"पोटातून म्हणजे नेमकं कुठून?" बाईंनी विचारलं. ताईनं दाखवलं.

सकाळी उजाडता उजाडता बाई डबी घेऊन एकट्याच गच्चीवर गेल्या. चूळ भरली, तीनदा खोल श्वास घेतला. मग जो खोकला निघाला, त्यानं टाकीवरची कबुतरं उडाली आणि वकील अर्ध्या गालावर साबण घेऊन जिन्यात आले. बाई घट्ट झाकण लावलेली डबी घेऊन पायऱ्या उतरल्या.

"काढला!" त्या म्हणाल्या. शिंप्यानं टाळ्या वाजवल्या.

केंद्रात ताईनं डबी उजेडात धरली आणि नुसती मान डोलावली. नमुना मशीनमध्ये गेला. बाई मुलासोबत बाकावर बसून राहिल्या. दुपारी ताई बाहेर आली.

"बाई, टीबी आहे. पण नेहमीच्या औषधांना दाद देणारा आहे, मशीननं तेही सांगितलंय. गोळ्या आजच सुरू. नेमानं घेतल्यात तर पूर्ण बऱ्या व्हाल."

मुलाचे डोळे भरून आले. बाईंनी पर्सचा बंद घट्ट धरला. "बाळाला घेता येईल मांडीवर?"

"येईल. म्हणून तर वेळेत सापडला ते बरं झालं."

बाईंनी मोठा श्वास सोडला आणि मुलाकडे वळल्या. "रडतोस काय? चोर पकडलाय आपण!"

"आता घरच्यांचीही तपासणी," ताई मुलाकडे बघत म्हणाली. "तुम्हाला खोकला दिसतोय."

"मिरचीचा आहे हो तो!"

"ते मशीन ठरवेल." त्याच्याही हातात डबी आली. आवारात डब्या घेऊन नजर चुकवत उभ्या असलेल्या लोकांमधून तो झाडामागे गेला आणि लगेच परत आला. ताईनं दिलेला मास्क लावलेल्या बाईंनी डबी हिसकावून उजेडात धरली.

"ही लाळ आहे! चूळ भर. ताठ उभा राहा. श्वास घे... धर... आता पोटातून!"

आवारातल्या बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आपापल्या डब्या सावरल्या आणि अंतर ठेवून श्वास भरून घेतले. त्या दिवशी लॅबच्या खिडकीतून एकही डबी परत आली नाही.