गेनबांचं नाव मावेना

भोरच्या एसटी स्टँडसमोर हनीफचं 'गुलफशा ग्राफिक्स' होतं, आणि हनीफचं एक ठाम म्हणणं होतं. "लग्नाची पहिली पत्रिका देवाला जाते म्हणतात. जाऊ दे की! पण देवाच्याही आधी ती म्या बघितलेली असती!"

यात खोटं काही नव्हतं. दोन हजार तीनच्या लग्नसराईत तालुक्यातली निम्मी लग्नं आधी त्याच्या काँप्युटरवर लागत आणि मग मांडवात. काँप्युटर मात्र पुण्याच्या कुठल्याशा कॉलेजातून निवृत्त होऊन आलेला. निवृत्त माणसाला कसली घाई नसते, तशी त्यालाही नव्हती. प्रिंटचा हुकूम सोडला की गिऱ्हाईक चहा पिऊन, दाढी करून, वाटलं तर तलाठ्याला भेटून परत येई, तोवर कागद गणपतीच्या सोंडेपर्यंत आलेला असे. काँप्युटरच्या पोटात फाइल ठेवायलाही जागा उरली नव्हती. म्हणून हनीफ एकेक लग्न एकेका फ्लॉपीवर ठेवी. चालू लग्नाची काळी चौकोनी फ्लॉपी सदैव त्याच्या शर्टाच्या खिशात, कंगव्याला चिकटून.

अशात उत्रोलीचे आनंदराव आले. मुलीचं, कोमलचं लग्न तोंडावर आलेलं. आता आपल्याकडच्या पत्रिकेत नवरा-नवरीला फारशी जागा लागत नाही, हे वाचकांना सांगायला नको. जागा लागते भावकीला. आनंदराव खुर्चीवर मांडी घालून बसले आणि नावं सांगत सुटले. निमंत्रक झाले, व्यवस्थापक झाले, स्नेहांकित झाले, 'ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी पाळण्यातली पोरंही झाली. सगळ्यात शेवटी वेलीच्या चौकटीत, मुलीचे मामा.

"लिव्हा," आनंदराव म्हणाले, "गेनबा."

हनीफनं 'गे' मारला आणि काँप्युटर थिजला. बाण हलेना, पडदा हलेना. बंद केला, चालू केला, फ्लॉपी घातली. बाकी सगळे जागच्या जागी. पुन्हा 'गे' मारला. पुन्हा थिजला!

तिसऱ्या खेपेला स्वतः गेनबाच दुकानात हजर होते. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, वाडीवर शेरडं राखणारा हा माणूस मुद्दाम भाचीच्या पत्रिकेतलं आपलं नाव बघायला उतरला होता. त्यांनी पडद्याकडं बघितलं. मग आनंदरावांकडं बघितलं.

"दाजी, पाळण्यातली पोरं बसली यात. आन् माझंच नाव अडलं?"

"पाव्हणं, आवं मशीन हाय ते."

"मशीन व्हय! मागच्या लग्नात फेटा कमी पडला, तवाबी माझ्याच डोक्यापाशी येऊन संपला. ते बी मशीनच हुतं जणू!"

"मग मामांचं नाव सगळ्यात वर घेऊ," हनीफनं तोडगा काढला.

आनंदरावांना घाम फुटला. "वर सावळारामकाका हायेत. भावकीत थोरले. त्यांचं नाव खाली सरकलं, तर मांडवाचा खांब बी रोवू द्यायचे न्हाईत."

गेनबा उठले. पटका सारखा केला. "ऐका. पत्रिकेत नाव न्हाई, तर मांडवात मामा न्हाई. अंतरपाट धराया ह्या काम्पुटरला बोलवा!"

आता मामाविना लग्न म्हणजे कासऱ्याविना बैल. आनंदरावांचा चेहरा बघवेना. हनीफनं गेनबांना हाताला धरून बसवलं.

"मामा, असं बघा. काम करताना काँप्युटरला अंथरूण लागतं. त्याला मेमरी म्हणायचं. ह्याचं अंथरूण आखूड हाय. तुमच्यापतूर आलं की पाय बाहेर जात्यात."

"माझेच का जात्यात?"

"तुमी शेवटी झोपलाय म्हणून! पण मी पुण्यासनं मेमरी आणतो, माझ्या हातानं बसवतो. तुमच्या डोळ्यांदेखत नाव काढतो. न्हाई निघालं तर दुकानाची पाटी उतरवीन!"

आतून जोहरा, हनीफची बायको, चहा घेऊन आली. "मागं मिक्सर असाच सोता उघडला हुता," ती कपबशी ठेवत म्हणाली. "त्याचे स्क्रू अजून साखरेच्या डब्यात हायेत. मिक्सर कुठं हाय, ते तेवढं इचारू नका."

हनीफ पुण्याला गेला आणि जुन्या बाजारातून मेमरीची पट्टी घेऊन आला. पट्टी हुबेहूब आधीच्या पट्टीसारखी. तीच लांबी, तेच माप. ठरल्या दिवशी गेनबा आणि आनंदराव समोर बसले. हनीफनं काँप्युटरची कूस उघडली. आत इतकी धूळ होती की भाताचं रोप धरलं असतं. सायकलचा पंप आणून तिला वारा घातला, तेव्हा ती सगळी आनंदरावांच्या टोपीवर गेली. मग त्यानं जुनी पट्टी काढली, सोनेरी दातांवर पोराचं खोडरबर फिरवलं आणि ती गेनबांच्या तळहातावर ठेवली.

"बघा मामा. हीच ती. हिच्यातच तुमचं नाव मावत नव्हतं."

गेनबांनी पट्टी उलटीसुलटी केली. खुन्याचा चाकू हातात आल्यासारखे डोळे बारीक केले. "ही मला पायजे. वाडीवर दाखवतो."

"न्या की! आता तिचं काय काम!"

पट्टी चंचीत गेली, पान-सुपारीच्या शेजारी. तेवढ्यात वेल्ह्याकडची शेवटची गाडी लागली. शेरडं कोंडायची होती, त्यामुळे गेनबांना थांबता येईना. नाव निघालं की निरोप धाडा म्हणाले आणि गेले.

हनीफनं नवी पट्टी बसवली. कूस बंद केली. काँप्युटर झोकात सुरू झाला. फ्लॉपी घातली, पत्रिका उघडली, चौकटीपाशी आला आणि 'गे' मारला.

थिजला!

हनीफनं पुण्याच्या दुकानदाराला फोन लावला. पलीकडून आवाज इतका मोठा आला की आनंदरावांनाही स्वच्छ ऐकू गेला. "अहो, दोन खाचा आहेत ना आत? नवी बसवायची ती जुनीच्या शेजारी! जुनी काढायला कुणी सांगितलं?"

जोहरा दारातच उभी होती. "दुसरा बैल आणला की पयला सोडून द्यायचा असतोय व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी हनीफ आणि आनंदराव निघाले. नसरापूरला एसटी सोडली, पुढं वडापची जीप धरली आणि जीप थांबली तिथून चढ. आनंदराव चढ चढता चढता व्याह्यांना काय तोंड दाखवायचं ते बोलत होते, हनीफ दुकानाची पाटी उतरवायला शिडी कुणाची मागायची याचा विचार करत होता.

वाडीवर गेनबा शेरडं घेऊन रानात गेले होते. त्यांची बायको फुलाबाई अंगणात होती.

"वहिनी, काल मामांनी एक पट्टी आणली बगा, हिरवी," हनीफ म्हणाला.

"आणली की! ती बगा तितं."

तिथं म्हणजे खुंट्याला बांधलेल्या बोकडाच्या गळ्यात. काळ्या दोऱ्यात, एका बाजूला बिब्बा, मधोमध मेमरी. दोन्ही अंगाच्या खाचांत दोरा कसा ठाक बसला होता. बनवणाऱ्यानं त्या बोकडासाठीच पाडल्या असाव्यात असं वाटत होतं.

"दिष्ट लागली हुती त्याला," फुलाबाई म्हणाली. "चार दीस पाल्याला तोंड लावत नव्हता. काल ही बांधली आन् रातीतनं दावं बी खाल्लं!"

"वहिनी, ती द्या. कोमलचं लग्न अडलंय तिच्यावर," आनंदराव म्हणाले.

"आन् बोकड पुन्यांदा उपाशी राह्यला म्हंजे? दिष्टीची चीज अशी सोडून घेत न्हाईत, दाजी. बदली काय तरी द्या. काळं असंल तर बरं."

आनंदरावांनी खिसे चाचपले. काळं काही निघालं नाही. हनीफनं शर्टाच्या खिशात हात घातला आणि त्याचा चेहरा उजळला.

"हे घ्या! काळंकुट्ट. वर हिच्यापरीस मोठं!"

फुलाबाईनं फ्लॉपी उन्हात धरली, नख मारून बघितलं. पसंत पडली. भोक होतंच, त्यातून दोरा ओवला. बोकडानं नवा दागिना हुंगला आणि समाधानानं शिंकला.

मेमरी फडक्यात गुंडाळून दोघं उतरले. दुकानात येताच हनीफनं दोन्ही पट्ट्या शेजारीशेजारी बसवल्या, बटण दाबलं आणि काय सांगावं! काँप्युटर असा धावला की जणू निवृत्तीतून त्याला परत नोकरीवर बोलावलंय.

"उघडा पत्रिका!" आनंदराव हात चोळत म्हणाले.

हनीफनं शर्टाच्या खिशात हात घातला. कंगवा निघाला. पुन्हा घातला. पुन्हा कंगवाच.

"आनंदराव," तो शांतपणे म्हणाला, "नावं पुन्यांदा सांगाया लागतील."

आनंदरावांनी सावळारामकाकांपासून पाळण्यापर्यंत सगळी भावकी पुन्हा सांगितली. चौकट आली. हनीफनं डोळे मिटून 'गे' मारला. 'न' आला. 'बा' आला. जोहरानं वाटीतून सगळ्यांच्या हातावर साखर घातली. तिच्यातला एक स्क्रू आनंदरावांच्या दाताखाली आला, तो त्यांनी पुसून खिशात टाकला.

गेनबा पत्रिका घ्यायला आले, तेव्हा चौकटीवरून बोट फिरवत त्यांनी नाव वाचलं. मग हनीफनं भीतभीत फ्लॉपीची हकिकत सांगितली.

"म्हंजे समदी भावकी माझ्या बोकडाच्या गळ्यात हाय म्हना!"

"व्हय मामा."

"त्यात मी?"

"तुमी न्हाई. तुमच्यापाशीच तर अडलं हुतं."

गेनबा कितीतरी वेळ गालात हसत होते. "मग ऱ्हाऊ द्या ती तितंच."

लग्न थाटात झालं. मामांनी अंतरपाट धरला, फेटाही मापात मिळाला. सगळं सुखरूप पार पडलं असतं. पण पंगतीला गेनबा सावळारामकाकांच्या शेजारी बसले, आणि त्यांच्या पोटात जिलबी राहिली, गोष्ट राहिली नाही.

सावळारामकाका तसेच उष्ट्या हातानं उठले आणि मांडवाच्या दाराशी उभ्या असलेल्या हनीफला म्हणाले, "माझं नाव बोकडाच्या गळ्यातनं उतरंस्तवर मी ह्या घरचं पानी पिनार न्हाई!"

हनीफनं वरात निघायचीही वाट बघितली नाही. नसरापूरची एसटी धरली. खिशात या वेळी कोरी फ्लॉपी होती.