मापारी सरांची डिक्की

कुणाच्या घरी गेल्यावर माणूस आधी चपला काढतो. आमचे शेजारी मापारी सर आधी खिशातून भाजीवाल्याची पातळ पिशवी काढतात, ती उजव्या हातात मोज्यासारखी चढवतात आणि दारात उभ्या असलेल्या गाडीवरून डोळे मिटून हात फिरवतात. गाडी पाहुण्याची असो, डॉक्टरची असो की नवरदेवाची. रंगावर चिकटलेली धुळीची बारीक खर नुसत्या हाताला कळत नाही, पिशवीतून कळते म्हणे. गेल्या उन्हाळ्यात एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या सजवलेल्या गाडीची अशी नाडी पाहिली आणि वरबापाला बाजूला घेऊन सांगितले, "पोरगं चांगलं आहे तुमचं, पण बोनटवर खर लय आहे." बिचारा वरबाप लग्न लागेपर्यंत बोनटाकडेच पाहत होता.

सर मेहकरातल्या एका शाळेतून भूगोल शिकवून निवृत्त झाले. मी बुलढाण्याहून बदलीवर आलो, सरांच्या शेजारचे घर घेतले आणि वर्षभराने एक जुनी पांढरी गाडी घेतली. त्या दिवसापासून सरांना पुन्हा विद्यार्थी मिळाला. विद्यार्थ्याला कुणी विचारले नव्हते.

"गाडी साफ कशी करतो?" पहिल्याच सकाळी त्यांनी तोंडी परीक्षा घेतली.

"फडक्याने पुसतो, सर."

"धुळीवर कोरडा फडका?" सर खालीच बसले. "अरे, काचकागद घास ना त्याच्यापेक्षा."

मग रीतसर वर्ग सुरू झाले. गाडी सावलीत धुवायची, उन्हात नाही. बादल्या दोन, एक साबणाची आणि एक फडका खंगाळायची. टपापासून सुरुवात, चाके सगळ्यात शेवटी. धुऊन कोरडी झाली की कंपाउंड, म्हणजे ती पेस्ट जी रंगाचा मेलेला थर घासून काढते. मग पॉलिश, मग मेण. जमिनीवर पडलेला फडका परत गाडीला लावायचा नाही. त्यात खडा अडकला असला तर गाडीवर जन्माचा ओरखडा. माझ्या हातून एकदा फडका पडला, तेव्हा सरांनी तो चिमटीत धरून कुंपणाबाहेर टाकला आणि हात धुतले.

आणि सगळ्या धड्यांच्या वर एक धडा होता. "आधी कोपऱ्यात पाह्यचं." कोणतीही पेस्ट आधी एका कोपऱ्यात, तळहाताएवढ्या जागेत लावायची. रंगाने ऐकले तर पुढे जायचे. यात चूक काही नाही, पण सर हे गाडीपुरते ठेवत नाहीत. नवा चष्मा ते आधी फक्त घरात घालून पाहतात. नवीन न्हाव्याकडे गेले तेव्हा त्यांनी कानामागचे केस तेवढे कापून घेतले, घरी येऊन काकूंना दाखवले आणि दुसऱ्या दिवशी उरलेले डोके घेऊन परत गेले.

स्वतः सरांची गाडी लाल, छोटी, मेहकरच्या उन्हात फिकी पडून गुलाबी झालेली. घासून घासून त्यांनी ती पुन्हा लालभडक केली. बाजारात मात्र सर सायकलने जातात, कारण गाडी धुतलेली असते. फक्त मागची डिक्की तशीच विटकी गुलाबी आहे. पुढून गाडी नवी दिसते आणि मागून दुसऱ्याच कुणाची तरी आणून जोडल्यासारखी. त्या गुलाबी पत्र्यावर ठसठशीत लाल अक्षरांत नाव आहे, पल्लवी. ते कुणी रंगवलेले नाही.

ती हकीकत मला काकूंनी सांगितली. पल्लवी ही त्यांची एकुलती एक लेक. गाडी घेतली तेव्हा सरांनी तिच्या नावाचे स्टिकर डिक्कीवर लावले होते. पुढे पुण्याला नोकरी करता करता तिने स्वतः पसंत केलेल्या मुलाशी लग्न केले आणि घरी फोनवर कळवले. सरांनी बाहेर जाऊन नखांनी खरवडून ते स्टिकर काढले. पण इतकी वर्षे ऊन लागून भोवतालचा रंग उडालेला आणि स्टिकरखालचा जसाच्या तसा. नाव आधीपेक्षा ठळक झाले.

"कागद निघाला, नाव कुठं निघते?" काकू म्हणाल्या. "तवापासून पोरीशी बोलत नाहीत. पोरीनं लग्न केलं अन् यायनं गाडी धरली."

बोलत नाहीत, हे खरे. पण काकूंचा पल्लवीला फोन लागला की सरांना नेमके त्याच खोलीत काम निघते. कपाटात तोंड घालून ते म्हणतात, "तिकडं तापमान किती आहे, विचार." काकू विचारतात. उत्तर ऐकून सर मान डोलवतात आणि बाहेर जाऊन टप पुसायला लागतात. पुण्याच्या हवामानाची एवढी काळजी पुण्यातही कुणाला नसेल.

यंदा सुलतानपूरला काकूंच्या भावाच्या मुलीचे लग्न निघाले. मामाने पल्लवीला आवर्जून बोलावले. तिचे उत्तर आले, "बाबा स्वतः ये म्हणाले तर येईन." काकूंनी ते सरांच्या ताटापाशी बसून जसेच्या तसे सांगितले. सर जेवले, उठले आणि बोनट घासायला घेतले. मग रोज तेच. लग्न जवळ येत चालले, बोनटात मला माझे दात दिसायला लागले, पण फोन काही होईना. काकूंनी माझ्याशीही बोलणे कमी केले, जणू मीच कंपाउंड पुरवत होतो.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात मी सकाळी सरांच्या अंगणात गेलो. म्हटले, "सर, सगळे पाहुणे गाडी बघतील. डिक्की मी करून देतो." फडक्याला पेस्ट लावली आणि शिकवल्याप्रमाणे कोपऱ्यात टेकवणार, तेवढ्यात सर म्हणाले, "हात काढ."

आवाज चढला नव्हता, पण मी फडका सोडून दिला. तो मातीत पडला. सरांनी तो उचललासुद्धा नाही. उलट्या बादलीवर बसून ते डिक्कीकडे पाहत राहिले.

"भोवतालचा रंग उजळला का नाव त्याच्यात मिळून जाते," ते म्हणाले. "त्याच्यासाठीच आणलं होतं मी कंपाउंड. म्हटलं, आधी कोपऱ्यात पाहू. समोरच्या कोपऱ्यापासून सुरू केलं."

"आणि डिक्की राहून गेली."

"राह्यली नाही. ठेवली."

इतके दिवस या माणसाला मी मनातल्या मनात हसत आलो होतो. मी पेस्टच्या डबीचे झाकण लावून टाकले.

थोड्या वेळाने सरांनी खिशातून फोन काढला. "फोटो पाठवता येते का याच्यातून? पल्लवीले."

"येतो की. अख्ख्या नावाचा काढतो."

"नाही बे. आधी कोपऱ्यात."

म्हणून मी डिक्कीच्या डाव्या कोपऱ्याचा फोटो काढला. थोडा विटका गुलाबी पत्रा आणि त्यावर लाल 'प'. खाली काही लिहू का विचारले, तर नको म्हणाले. फोटो गेला. सर उठले, पिशवी हातात चढवली आणि कुंपणापलीकडे जाऊन माझ्या गाडीवरून हात फिरवायला लागले. या वेळी डोळे मिटले नव्हते, ते माझ्या हातातल्या फोनवर खिळले होते.

फोन वाजला. त्यावर एवढेच होते, "बाबा, बाकीचं नाव आहे, का पुसलं?"

सरांनी परत अंगणात येऊन ते वाचले. चष्मा काढला, मातीत पडलेला तोच फडका उचलला आणि त्याने काचा पुसल्या. मी त्यांना आठवण करून दिली नाही. मग त्यांनी स्वतःच फोन लावला.

"हाव, मीच बोलून राह्यलो," ते म्हणाले. "अख्खं आहे. ये, येऊन पाहून घे."

आत भांड्यांचा आवाज थांबला. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. सरांनी घसा साफ केला आणि आजवर कपाटात तोंड घालून काकूंकरवी विचारलेला प्रश्न स्वतः विचारला.

"तिकडं तापमान किती आहे?"