चंद्रव्वाचा नैसर्गिक फोटो

वकिलाकडे कारकुनी करणाऱ्या चिंतामणीने बॉक्स कॅमेरा घेतला, आणि त्या दिवसापासून सोलापुरातली सगळी माणसे त्याला ताठ दिसू लागली. तशी ती व्हायचीच. कॅमेरा दिसला की हमाल पाठीवरचे पोते टाकून हात मांड्यांना चिकटवून उभा राही आणि कापडवाला फेटा आणायला घरी पळे. पुण्याच्या प्रदर्शनाला आपण रस्त्यावरचे नैसर्गिक जीवन पाठवणार, असे चिंतामणी कचेरीभर सांगून बसला होता. मुदत तोंडावर आली तरी पाठवण्याजोगे एकही जीवन त्याच्याकडे नव्हते, आणि वकीलसाहेब रोज सर्वांदेखत चौकशी करत.

मग त्याने एका इंग्रजी मासिकातल्या युक्त्या पाठ केल्या. माणसाला सुगावा लागू द्यायचा नाही, पाऊल वाजवायचे नाही, खाली बसून फोटो घ्यायचा. अक्कल मात्र मासिकाबरोबर टपालाने येत नाही.

मंगळवार पेठेत शेंगाचटणी विकणारी चंद्रव्वा दुपारी भिंतीला टेकून, मांडी घालून झोपली होती. कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे होते. चिंतामणीला आनंदाचे भरते आले. आवाज नको म्हणून त्याने वहाणा काढल्या. टोपी आड येते म्हणून ती काखेत मारली. मग म्हातारीपुढे गुडघे टेकून तो श्वास रोखून बसला. लिंगायतांत मेलेल्या माणसाला असेच भिंतीशी बसवतात, आणि पुष्कळ घरांत माणसाचा पहिला फोटो निघतो तो मेल्यावरच, हे सोलापुरात जन्मूनही या शहाण्याच्या डोक्यात आले नाही.

तेवढ्यात टांगेवाला भीमा मागे येऊन थांबला.

"कवा गेली वो म्हातारी?" त्याने दबक्या आवाजात विचारले.

चिंतामणी दचकला, खटका दाबला गेला आणि फोटो हलला. त्याने चिडून ओठांवर बोट ठेवले आणि मान हलवली. भीमाला वाटले, बिचाऱ्याला बोलवत नाही. त्याने पटका काढून हातात घेतला आणि तो चंद्रव्वाच्या घरी वर्दी द्यायला धावला. शेजारच्या फुलवाल्याने हलकेच तिच्या गळ्यात हार घातला. चिंतामणी सगळ्यांना खुणेने गप्प राहायला सांगत होता, आणि जो तो आणखी गंभीर होत होता.

सून कस्तुराबाई आली ती थेट अंगावर पडून रडू लागली.

"अव्वा, लेकीवानी सांभाळलं वो मला. माज्या हातची भाकर आता कोन गोड म्हनंल?"

चंद्रव्वा पहिल्याच हंबरड्याला जागी झाली होती. पण सुनेच्या तोंडून असले बोल तिने उभ्या जन्मात ऐकले नव्हते, म्हणून डोळे मिटून तिने सगळे ऐकून घेतले.

"भाकर कच्ची असती तुजी," शेवटी ती म्हणाली. "बाकीचं उद्या परत म्हन."

गर्दी मागे उसळली, भीमा चटणीच्या टोपलीत बसला, कस्तुराबाईचा वासलेला आ मिटेना. असे नैसर्गिक जीवन सोलापुरात पुन्हा दिसणार नव्हते. चिंतामणी मात्र पुढची युक्ती आठवत राहिला, आणि आठवेपर्यंत भीमाने त्याची गचांडी धरली होती. लोक हात उगारणार, तोच चंद्रव्वाने सर्वांना थांबवले.

"सोडा त्याला. हार घातलाय, मानसं जमलीत, आता फोटू नीट काढू द्या की. खरंच मेले तर परत ताप नको."

रोलमध्ये एकच फोटो उरला होता. चंद्रव्वा ताठ बसली, डोळे समोर, पापणी हलेना. बाजूला सगळे हात जोडून उभे. आजी, नेहमीसारख्या बसा, थोडं हसा, अशा चिंतामणीने विनवण्या केल्या.

"फोटूत हसाया मी काय येडी हाय?" चंद्रव्वाने ओठ न हलवता विचारले.

दुसरे काहीच नव्हते, म्हणून त्याने तोच पाठवला. पुण्याहून पदक आले. परीक्षकांनी म्हटले होते की मृत वृद्धेच्या चेहऱ्यावरची शांती आणि आप्तांचा संयम इतक्या नैसर्गिकपणे आजवर कोणी टिपला नव्हता. चिंतामणीने पदक कचेरीभर मिरवले, वकीलसाहेबांपुढे तर दोनदा. चंद्रव्वा अजून चटणी विकते आहे, हे पुण्याला कळवायचे मात्र त्याच्याने झाले नाही.