डावा आरसा

इस्माईलचाचा कंप्युटरवर बस चालवायला बसण्याआधी टेबलाला लाथा मारतात. चार पाय, चार लाथा. मग वाकून टेबलाखाली बघतात, मॉनिटरवर फडकं मारतात, उजव्या बाजूने खुर्चीत चढतात (हो, चढतात) आणि मगच बटण दाबतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, चाचांना मुंग्या चावल्या.

"टायर बघतोय, ताई," चाचा म्हणाले. "हवा कमी असली तर आवाजावरून कळतं."

आम्ही कसब्यात एकाच इमारतीत राहतो. ते दुसऱ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. त्यामुळे रोज संध्याकाळी साडेसहाला माझ्या पायाखालून एक लाल गाडी सुटते. चौतीस वर्षं चाचांनी खरीखुरी लाल गाडी चालवली. मग निवृत्त झाले, पाठोपाठ चाची गेल्या, आणि चाचा दिवसभर खिडकीत बसून खालच्या रिक्षावाल्यांच्या चुका काढायला लागले. तेही मोठ्यांदा. शेवटी त्यांच्या मुलीने, नसरीनने, हा बसचा गेम आणला, स्टिअरिंग आणलं, आणि कुठून कुठून शोधून त्यात आपल्याकडचे रस्ते घातले. कात्रजचा घाटसुद्धा आहे त्यात.

आता गेम म्हटल्यावर माणूस काय करेल? गाडी पळवेल, चार ठिकाणी ठोकेल, हसेल आणि झोपेल. चाचांनी आजवर एक कोंबडी मारलेली नाही. काटा साठच्या वर जात नाही. मध्येच एखादं स्टँड आलं की "गाडी दहा मिनिटं थांबेल" असं रिकाम्या घराला सांगून उठतात आणि स्वयंपाकघरात जाऊन चहा पिऊन येतात. एकदा मी कढीपत्ता मागायला गेले, तर म्हणाले, "दोन मिनिटं थांबा, ताई, उतार आहे." वर माझी फोडणी जळत होती आणि मी खाली उतार संपायची वाट बघत होते!

चाचांचे नियम दोनच. पहिला म्हणजे गाडी वेळेवर सोडायची. ड्रायव्हरच्या मनात आलं म्हणून गाडी अडवायची नाही, आत बसलेल्यांना पुढे पोचायचं असतं. या नियमापायी त्यांनी सख्ख्या मेहुण्याला स्टँडवर सोडून गाडी काढली होती. मेहुणा दोन वर्षं बोलत नव्हता.

"पण चाचा, दोन मिनिटं थांबायचं की!"

"पळत आला असता तर थांबलो असतो. तो भजी खात होता."

हा दुसरा नियम. पळत येणाऱ्यासाठी थांबायचं. आणि पळत येणारा दिसतो डाव्या आरशात, कारण दार डावीकडे. "छातीशी डबा धरून पळणारी बाई आरशात दिसली ना, ताई, की पाय आपोआप ब्रेकवर जातो. डोक्याला विचारत नाही."

सगळं घोडं इथेच अडलं होतं. जुना मॉनिटर छोटा. त्यात उजवा आरसा दिसायचा आणि डावा कडेबाहेर जायचा. माउस हलवला की मान वळवल्यासारखं बघता येतं, हे नसरीनने शंभरदा सांगून झालं.

"मागे वळून बघतो तो ड्रायव्हर नव्हे," चाचांचं ठरलेलं उत्तर. "ड्रायव्हर आरशात बघतो."

"अहो, गेममध्ये कोण पळत येणार आहे?"

"कोणी येत नाही, ते मला कळतं. पण येत नाही हे बघायला तरी आरसा पाहिजे की नको?"

कपाळ माझं!

नसरीन यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग करते, घरूनच. तिचं काम इतकं नेटकं, की कंपनीने तिला चेन्नईच्या ऑफिसात बढतीवर बोलावलं. पोरगी हरखली आणि लगेच गप्पही झाली. मग माझ्याकडे येऊन म्हणाली, "काकू, अब्बांना एक मोठा मॉनिटर बसवून देते आणि जाते. रुंद, वक्र, दोन्ही आरसे दिसतील असा. मला दर रविवारी ऑनलाइन मीटिंग असते. तुम्ही जाल त्यांच्याबरोबर? तुम्हाला कंप्युटरमधलं कळतं."

मी बँकेत आहे. आमच्या बँकेत कंप्युटर आहेत. माझा या विषयाशी संबंध एवढाच.

पहिल्या रविवारी चाचा गाडीवरची जुनी उशी बगलेत मारून निघाले. खिशात मोजायची टेप आणि पेनड्राइव्ह. पेनड्राइव्हवर दोन चित्रं होती, एक गाडीच्या काचेतून दिसणाऱ्या रस्त्याचं, दोन्ही आरशांसकट, आणि एक नसरीनचं ड्रॉइंग. दुकानाचे मालक अस्सल पुणेकर. उशी बघूनच त्यांचा चेहरा पडला.

"हा चौतीस इंची, वक्र," मालक म्हणाले. "दोन्ही कडा डोळ्यांपासून जवळजवळ सारख्याच अंतरावर राहतात."

चाचा उशीवर बसले. डावीकडे डावा आरसा, उजवीकडे उजवा. चेहरा असा काही खुलला, की म्हटलं झालं काम, घरी जाऊन वरणभात लावू. तेवढ्यात चाचांनी ड्रॉइंग उघडायला लावलं. एक डोळा मिटला. मॉनिटरला नाक लावलं.

"रेघ वाकलीय."

"रेघ सरळच आहे," मालक म्हणाले. "मॉनिटर वाकलाय."

"मग पोरीने काम कसं करायचं यावर?"

"चाचा," मी म्हटलं, "पोरगी चेन्नईला चाललीय ना?"

"सुट्टीला येईल. चार दिवस घरून काम करते म्हणेल. तेव्हा तिला काय वाकड्या रेघा देऊ?"

दुसऱ्या रविवारी तिथेच सपाट मॉनिटर पाहिला, तेवढाच रुंद. रेघ सुतासारखी सरळ. पण आता आरसा पटेना. "डावा आरसा फार लांब गेला, ताई. शेजारच्या गाडीला लावल्यासारखा वाटतो."

मालकांनी चष्मा काढून पुसला. "आजोबा, सरळ आणि वाकडा दोन्ही असा मॉनिटर अजून निघालेला नाही. निघाला की कळवू. नंबर ठेवून जाऊ नका."

तिसऱ्या रविवारी आणखी दोन पाहिले. एकावर ट्यूबलाइट चमकत होती, एकाचा पाय डुगडुगत होता. कुठल्याशा मॉनिटरच्या वळणाचा आकडा मालकांनी सांगितला, पंधराशे की काय, म्हणजे म्हणे दीड मीटर त्रिज्येचं वर्तुळ. त्यावर चाचा म्हणाले, "घाटात एवढं वळण असतं तर गाडी दरीत." रिक्षात बसताना मात्र ते चक्क शीळ घालत होते. मी मनातल्या मनात त्यांना पुष्कळ नावं ठेवली. माझे तीन रविवार, तीन दुपारच्या झोपा, सगळं त्या डाव्या आरशापायी!

बुधवारी नसरीन माझ्याकडे आली. मी मेथी निवडत होते, तीही निवडायला बसली. खाली मान घालून म्हणाली, "काकू, मी नाही जात चेन्नईला."

"म्हणजे?"

"दोनदा मुदत मागितली. आता कंपनी म्हणते, पुढच्या शुक्रवारी हजर व्हा, नाहीतर दुसऱ्या कोणाला तरी पाठवतो. इथे अब्बांचा मॉनिटरच ठरत नाहीये. रोज म्हणतात, अजून एक रविवार लागेल. ते मॉनिटर बघत नाहीयेत, काकू, मला कळतं ते. पण मीच कसं म्हणू, की घ्या एकदाचा, मला जायचंय?" आणि मग घाईघाईने, "तुम्ही बोलू नका हं त्यांना काही."

मेथीच्या देठांबरोबर पानंही टाकत होती पोर. इतके रविवार मी त्या माणसाला तऱ्हेवाईक म्हणत होते, आणि तो आपला एकेक रविवार वाचवत बसला होता.

बोलू नका म्हटलेली गोष्ट मला आजवर कधी पोटात ठेवता आलेली नाही. चौथ्या रविवारी चाचा पुन्हा त्या पहिल्या वक्र मॉनिटरसमोर उशी टाकून बसले, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "रेघ..."

"पुरे!" मी म्हटलं. दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "चाचा, गाडी भरलीय, वेळ झालीय आणि तुम्ही ब्रेकवर पाय ठेवून बसलाय. शुक्रवारी हजर झाली नाही तर पोरीची जागा जाते. ती जाणार नाही म्हणतेय. तुमच्यासाठी."

चाचांनी मिटलेला डोळा उघडला. दोन्ही हात टेबलावर होते, स्टिअरिंग धरल्यासारखे. मला वाटलं, मेधाबाई, जीभ आवरायला हवी होती.

"या शुक्रवारी?" त्यांनी विचारलं.

"या शुक्रवारी."

"तिने मला सांगितलं नाही."

"कसं सांगणार? तुम्ही तर रेघा मोजताय."

"मेहुण्याला भज्यांपायी सोडून आलो, ताई," चाचा हळूच म्हणाले, "आणि इथे आख्खी गाडी अडवली की हो मी." मग उठले, उशी झटकली आणि मालकांना म्हणाले, "हाच द्या."

मालक सावधपणे म्हणाले, "आजोबा, रेघेचं काय?"

"रेघ सरळच आहे. मॉनिटर वाकलाय."

मंगळवारी संध्याकाळी नव्या मॉनिटरवर पहिली गाडी सुटली. नसरीन डावीकडे स्टूल टाकून बसली होती. चारी टायर तपासून झाल्यावर तिने कंडक्टरच्या घंटीसारखे स्टीलच्या पेल्यावर चमच्याने दोन टोले दिले आणि चाचांनी गिअर टाकला. कात्रजच्या उतारावर ती उगाचच म्हणाली, "अब्बा, सावकाश." इतक्या सावकाश गाडी चालवणाऱ्या माणसाला! डावा आरसा लख्ख दिसत होता. मी मागे उभी राहून चहा प्यायले, आणि कढईखालचा गॅस आधीच बंद करून आले होते.

बुधवारी दुपारी रिक्षा आली. चाचांनी बॅगा ठेवल्या आणि रिक्षाच्या तिन्ही टायरना एकेक लाथ मारली. रिक्षावाला म्हणाला, "ओ काका, काय झालं?"

"हवा बघतोय."

नसरीन त्यांच्या गळ्यात पडून रडली. चाचा नाही रडले. तिच्या पाठीवर थोपटत राहिले आणि "रुमाल घेतला ना, पाण्याची बाटली घेतली ना" एवढंच विचारत होते. ती बसल्यावर त्यांनी रिक्षाच्या टपावर दोनदा थाप मारली. रिक्षा हलली. आणि हलल्याबरोबर चाचा पाठ फिरवून माझ्याकडे चालत आले.

मला रागच आला. पोरगी रिक्षाबाहेर डोकं काढून मागे बघतेय, हात हलवतेय, आणि तिला दिसतेय काय, तर बापाची पाठ! मी तोंड उघडणार तोच चाचा माझ्या लावून ठेवलेल्या स्कूटरपाशी थांबले. दोन बोटांनी तिचा डावा आरसा हळूहळू वळवला, थोडा वर, थोडा आत, आणि वाकले.

मी त्यांच्या खांद्यावरून बघितलं. आरशात आमची गल्ली होती, गल्लीत रिक्षा, आणि रिक्षाबाहेर नसरीनचा हात. पुढे एक हातगाडी आडवी होती म्हणून रिक्षा थांबत थांबत चालली होती. चाचांचा उजवा पाय, चपलेसकट, रस्त्यावर घट्ट दाबलेला होता.

हातगाडी हलली. रिक्षा देवळापाशी वळली आणि आरशात नुसती गल्ली उरली. मग चाचांनी पाय उचलला.

"आरसा ढिला आहे तुमचा, ताई," ते आरशाकडेच बघत म्हणाले. "घट्ट करून घ्या."

आरसा चांगला घट्ट होता. "घेते," मी म्हटलं.

"गाडी वेळेवर सुटली ना?"

"सुटली, चाचा," मी म्हटलं. "अगदी वेळेवर सुटली."